उपवासाला चालणारं चॉकलेट

राजगिऱ्याचे लाडू कुस्करता कुस्करता अपूर्वा थांबली. "आत्या, पण कोको उपासाला चालतो का?"

प्रितीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. साबुदाणा चालतो, रताळं चालतं, भेंडीवर दोन मतं आहेत, एवढं ज्ञान तिला लालबागला नांदायला गेल्यावर झालं होतं. कोकोचा विषय तिथे कधी कुणी काढला नव्हता आणि माहेरी विचारायची सोय नव्हती. तिच्या वडिलांनी, शामरावांनी, उपवास, नवस, सोवळं-ओवळं सगळं एकदाच आणि कायमचं घराबाहेर काढलं होतं. बावीस प्रतिज्ञा त्यांनी मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवल्या होत्या. आणि आज त्यांच्याच सुनेला, शैलाला, वरीचे तांदूळ कुठल्या दुकानात मिळतात म्हणून वरळीभर विचारत फिरावं लागलं होतं. शामराव असते तर त्यांनी आधी कपाळाला हात लावला असता आणि मग बहुतेक हसले असते.

"मयूरमामांना लाव ना फोन," अपूर्वा म्हणाली. ती प्रितीच्या थोरल्या भावाची, अभयची मुलगी. आठवडाभर लोअर परळच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे मान मोडायची आणि सुट्टीच्या दिवशी थराथरांचं गार चॉकलेट करायचं, हा तिचा छंद.

मयूरने, म्हणजे प्रितीच्या नवऱ्याने, फोन उचलला. "कोको? थांब हं, एक मिनिट." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आणि कसलीशी पुटपुट. "हां, चालतो. कॉफी चालते तर कोको का नाही चालणार? पण बिस्किट नको. मैदा आला की उपास मोडला."

"बिस्किट नाहीच आहे. खाली राजगिरा घालतोय."

"मग बिनधास्त कर."

"तुला रे कधीपासून कळायला लागलं एवढं?" प्रितीने विचारलं, पण त्याने फोन ठेवून दिला होता.

उद्या पौर्णिमा होती. बीडीडी चाळीतली खोली गेली, मधली वर्षं भाड्याच्या घरात निघाली आणि अखेर नव्या टॉवरमधल्या घराची किल्ली हातात पडली, तेव्हा अभयने पौर्णिमेचा दिवस धरला. सकाळी भन्तेजी येणार, बुद्धवंदना होणार, बारा वाजायच्या आत त्यांना भोजनदान, मग नातेवाइकांच्या पंगती. दुपारी सगळं शांत झालं की लालबागहून मयूर आपल्या आईला घेऊन येणार. रखमाबाईंना प्रितीने स्वतः आमंत्रण दिलं होतं. त्यांनी ते आनंदाने घेतलं, नव्या घराची सगळी चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, "येते गो. पण पौर्णिमा ना? माझा उपास असता."

उपास असणारच होता. रखमाबाई ह्या घरी आल्या आणि त्यांचा उपवास नव्हता असं लग्न झाल्यापासून एकदाही घडलं नव्हतं. पहिल्यांदा आल्या तो गुरुवार होता, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मग संकष्टी आली, मग एकादशी. एकदा शैलाने भिंतीवरचं कॅलेंडर समोर घेऊन, सगळे वार आणि तिथ्या चुकवून, मुद्दाम एक कोरा बुधवार शोधून काढला, तर रखमाबाईंनी धाकट्या लेकीच्या, मेघनाच्या नोकरीसाठी बुधवारचा नवस बोलला होता. उपवासाला चहा चालतो म्हणून चहा पुढे केला, तर चहाने त्यांना पित्त होत होतं. लालबागच्या घरात मात्र त्या सकाळपासून चहाच्या कपाशिवाय दिसत नसत. कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच.

म्हणून ह्या खेपेला अपूर्वाने डोकं चालवलं. जेवण उपवासाचं. गोडही उपवासाचं. पळवाट म्हणून ठेवायचीच नाही.

सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात फुलं आणि मेणबत्त्यांच्या पिशव्या घेऊन अभय आला. ओट्यावर साबुदाणा, वरी, रताळी, शेंगदाणे मांडलेले बघून त्याने पिशव्या खाली ठेवल्या.

"हे काय चाललंय?"

"स्वयंपाकाची तयारी," शैला म्हणाली आणि लगबगीने बाहेरच्या खोलीत गेली. तिला नवऱ्याचा चेहरा वाचता येत होता.

"ती बाई आपल्या हातचं खात नाही, म्हणून आपण तिच्या देवाच्या नियमाने स्वयंपाक करायचा?" अभयच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "बाबासाहेबांच्या फोटोसमोर? वा! उद्या म्हणेल ओलेत्याने करा, तेही करू."

"पप्पा, आपण तिच्यासाठी करतच नाहीये," अपूर्वा म्हणाली. "उपास आहे म्हणून खात नाही असं म्हणते ना? मग घे, उपासाचंच घे. आता काय सांगणार?"

"आता सांगेल दाढ दुखते."

"मग कळेल तरी."

"कळायचं काय राहिलंय त्यात? आणि प्रिती, तुला तरी बरं वाटतं हे? सासूला खूश करायला आईला वरी निवडायला बसवलंस?"

प्रितीला हे लागलं. तिने आईला बसवलं नव्हतं. आई, बकुळा, आपणहून खिडकीशी खुर्ची ओढून, मांडीवर ताट घेऊन वरीतले खडे बघत बसली होती. पण दादाला उलट बोलायचं तर दादाचं चुकत काय होतं तेही सापडत नव्हतं, म्हणून तिने मुकाट्याने पातेलं ढवळायला घेतलं.

"तुमचं झालं का?" बकुळाने खिडकीशी बसूनच विचारलं. ती आवाज चढवत नसे. चढवायची गरज नसे. "अभय, ह्यात तुझ्या स्वाभिमानाला काही होत नाही. साबुदाणा आहे, पोथी नाही. आणि प्रिती, तू इकडे बघ."

प्रितीने बघितलं.

"मी तुझ्याकडे येते, तुझी सासू मला आग्रह करकरून वाढते, मी जेवते. हाताला चव आहे बाईच्या, खोटं का बोलू. पण दर घासाला वाटतं, ही माझ्या घरी पाण्याला शिवत नाही आणि मी हिच्याकडे हात मारतेय. इतके दिवस तुझ्याकडे बघून चालवलं. आता होत नाही माझ्याने. उद्या तिने खाल्लं तर उत्तम. नाही खाल्लं, तर मी लालबागची पायरी चढणार नाही. तू ये इथे हवी तेव्हा. मी येणार नाही."

"आई, असं नको ना गं."

"मी चिडून बोलत नाहीये. ठरवून बोलतेय." आणि तिने पुन्हा ताटात मान घातली.

दर शुक्रवारी आई लालबागला यायची. प्रिती त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघायची आणि घरी पोचेपर्यंत दोघी विहिणी गॅलरीत शेंगा सोलत बसलेल्या असायच्या, गिरण्या, जुने शेजारी, आजकालच्या पोरी असलं काहीबाही बोलत. आठवडाभर प्रिती त्या दृश्यावर जगायची. ते बंद होणार म्हणजे ती दोन घरांत वाटली जाणार, आणि पुढे प्रत्येक सणाला, प्रत्येक आजारपणात एक बाजू निवडत बसणार. तिला रडू आलं, ते तिने पातेल्याच्या वाफेवर ढकललं.

"आत्या, ढवळ! गुठळी होईल!"

अपूर्वाने राजगिऱ्याच्या चुऱ्यात पातळ केलेलं लोणी कालवून काचेच्या ट्रेमध्ये दाबून बसवलं होतं. त्यावर दूध, कोको आणि साखरेचं दाट मिश्रण जायचं होतं. एरवी ती त्यात कॉर्नफ्लॉवर घालायची. ते चालत नाही म्हणून आरारूट, आणि आरारूटसाठी मयूरला दुसरा फोन. पुन्हा ‘थांब हं,’ पुन्हा पुटपुट, पुन्हा होकार, वर सूचना, की जास्त शिजवू नका, ताणायला लागतं. चक्क्यासाठी तिसरा फोन झाला.

कोकोचा थर ओतून ट्रे फ्रिजमध्ये गेला. प्रितीला घाई झाली होती. फेटलेला चक्का लगेच ओतून मोकळं व्हावं असं तिला वाटत होतं, पण अपूर्वाने फ्रिजच्या दाराला पाठ लावली.

"गार नाही झाला तर खालचा थर वर येईल आणि सगळं चिखल होईल. थांबायचं."

"चाळीत नव्हतीस एवढी थांबत."

"चाळीत आपला फ्रिज केवढासा होता! एक ट्रे समोरच्यांकडे, एक जिन्याजवळ. आणि प्रत्येक जण ठेवणावळ म्हणून चमचाभर खाणार. परत येईपर्यंत कोपरे गायब."

बकुळासुद्धा हसली. अभय हसला नाही, पण आता ओरडतही नव्हता. तो पाणी प्यायला म्हणून आला आणि ट्रेमध्ये डोकावून गेला. "मी हे उपासाचं काही खाणार नाही, आधीच सांगतो," असं जाता जाता बजावून गेला.

दुसऱ्या दिवशी वंदना उत्तम झाली. भन्तेजींचं भोजन वेळेत झालं, नातेवाइकांनी पुरी-भाजी आणि खीर पातेल्याच्या बुडापर्यंत संपवली, पांढऱ्या साड्यांनी आणि सदऱ्यांनी भरलेलं घर दुपारपर्यंत रिकामं झालं. अपूर्वाने चॉकलेटवर पांढरा थर चढवून, वर चॉकलेट किसून, ट्रे पुन्हा आत ठेवला होता. प्रिती उगाचच फ्रिज उघडून बघत होती.

बेल वाजली. मयूर आत आला आणि त्याच्यामागून रखमाबाई. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पांढऱ्या शेवंतीची ओंजळ. कुणी सांगायच्या आधी त्यांनी चप्पल काढली, बुद्धाच्या मूर्तीसमोर फुलं ठेवली, हात जोडले आणि मग सगळं घर फिरून बघितलं. खिडकीतून खाली वाकून बघताना त्यांनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती. "बाय माझे, केवढा वर हा!" त्या म्हणाल्या. अभयला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं.

मग त्या कोचावर बसल्या, आणि त्यांनी जेवायचं की नाही ते सांगायच्या आतच, ठरल्याप्रमाणे, अपूर्वाने काचेची वाटी आणून त्यांच्या हातात दिली. वाटीत खाली तपकिरी, मध्ये काळपट, वर पांढरा, असे तिन्ही थर सुरीने कापल्यासारखे स्वच्छ उभे होते.

"लालबागच्या आजी, सगळं उपासाचं आहे. खाली राजगिरा. मध्ये दूध, साखर, कोको, आरारूट. वर चक्का. जेवणही साबुदाण्याची खिचडी, वरी आणि दाण्याची आमटी. सगळं विचारून केलंय."

रखमाबाईंनी वाटी उजेडाकडे धरली. "आरारूट ताणलं नाही ना?"

"नाही."

"छान धरलेत थर." आणि त्यांनी वाटी तशीच टीपॉयवर ठेवली.

शैला पदराचं टोक पिळत होती. बकुळा समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती आणि तिची नजर त्या वाटीवरून हलत नव्हती. प्रितीला वाटलं, संपलं. आता दाढ दुखेल.

"माका आज उपास नाय," रखमाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" अभयने विचारलं.

"म्हणजे नाय. सकाळी चाय-पाव खाऊन इलंय. ह्याका इचारा."

मयूरने मान डोलावली. त्याला हसू आवरत नव्हतं.

"अहो आई, पण तुम्हीच म्हणाला होतात..." प्रिती म्हणाली.

"म्हटलं होतं. नेहमीच म्हणते." आता त्या बकुळाकडे वळल्या आणि सावकाश, नीट शब्द लावून बोलू लागल्या. "काल सारखे तुमचे फोन. तुम्हाला वाटत होतं मयूर सांगतोय. त्याला काय ढेकळं कळतंय! प्रत्येक वेळी माझ्याकडेच यायचा. आई, कोको चालतो? आई, आरारूट चालतं? आई, चक्का? तिसऱ्या वेळी मी विचारलं, मेल्या, चाललंय काय? तर म्हणतो, वरळीला तुझ्यासाठी उपासाचं करतायत. तुझी विहीण सकाळपासून वरी निवडत बसलीय. ऐकून मला घास जाईना. माझा उपास म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे."

"मग काय आहे ते?" बकुळाने विचारलं. ती तिला सहजासहजी सोडणार नव्हती, आणि प्रितीला त्या क्षणी आईचा अभिमान वाटला.

रखमाबाईंनी मान खाली घातली नाही. "पहिल्यांदा आले तेव्हा मनात होतं ते. लहानपणापासून जे बघितलं, तेच. कुणाकडे खायचं, कुणाकडे नाही. मग तुम्ही आमच्याकडे यायला लागलात, शेजारी बसायला लागलात आणि ते हळूहळू गेलं. पण तोवर एवढे उपास सांगून झाले होते की आता एकदम हो कसं म्हणायचं याची लाज वाटायला लागली. चुकलं माझं."

"हो, चुकलं," बकुळा म्हणाली. "लाज तुम्हाला वाटत होती आणि उपाशी मी राहत होते."

"तुम्ही?"

"घरात पाहुणी न जेवता बसलीय म्हटल्यावर मी जेवते होय? तुम्ही गेलात की ताट घ्यायचं, तोवर भूक मेलेली असायची. ती ताटं तशीच झाकून ठेवायची शैला."

हे प्रितीला माहीत नव्हतं. तिने शैलाकडे बघितलं. शैलाने नुसती मान हलवली. लग्नानंतरच्या त्या सगळ्या भेटी प्रितीच्या डोळ्यांसमोरून गेल्या. ती स्वतः तर सासूला घेऊन लालबागला परतलेली असायची. मागे काय होतं ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

रखमाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराने पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"विहीणबाई," बकुळा म्हणाली, "आता खाणार असाल तर आमच्यावर उपकार म्हणून खाऊ नका."

"उपकार कसले? भूक लागलीय मला. तुमच्याकडे जेवायचं म्हणून पाव पण अर्धाच खाल्लाय. काय केलंय ते वाढा."

आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. घरात उपवासाशिवाय दुसरं काहीही नव्हतं. पुरी-भाजी नातेवाइकांनी चाटूनपुसून नेली होती. खिरीचं पातेलं घासून पालथं पडलं होतं. रखमाबाई इतक्या वर्षांनी जेवायला आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे यायचे होते साबुदाणा, वरी आणि दाण्याची आमटी.

"म्हणजे दुसरं काहीच नाही?" सगळ्यांचे चेहरे बघून रखमाबाईंनी विचारलं. "मयूर सांगत असतो, वरळीला भाकरी-पिठलं असं असतं, ठेचा तसा असतो. मी म्हटलं पंगतीतलं थोडं उरलं असेल, आज तरी काहीतरी झणझणीत... आणि तुम्ही मला उपासच घालताय?"

आधी मयूर हसत सुटला. मग शैला. अपूर्वा तर ओट्याला धरून हसत होती. अभयने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलायला लागले आणि शेवटी तोही खो खो हसत खुर्चीत बसला. "मी हे खाणार नाही म्हटलं होतं," तो म्हणाला, "वाढा मलाही. इलाज काय आहे?"

बकुळा उठली. तिने वाढलं, सगळ्यांना, उभ्या उभ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा तेवढा जाता जाता खलबत्त्यात ठेचून. रखमाबाई जेवल्या. खिचडी जेवल्या, वरी-आमटी कालवून जेवल्या, ठेचा दोनदा मागून घेतला आणि पाणी प्यायल्या. प्रिती प्रत्येक घास बघत होती. आपण असं टक लावून बघू नये हे कळत होतं, तरी बघत होती.

मग त्यांनी ती काचेची वाटी पुढे ओढली आणि चमचा तळापर्यंत घातला. सगळे थांबले.

"बरं झालंय," रखमाबाई म्हणाल्या. "पण हा राजगिरा घशात लागतो गो. बिस्किट घालायला काय झालं होतं?"

"आजी!" अपूर्वा किंचाळली.

"घशात कसला लागतो?" बकुळाने तिथल्या तिथे विचारलं. "नीट चावून खा. पोरीने दोन दिवस घालवलेत त्यात."

"चावूनच खातेय. आणि साखर जरा जास्तच."

"जास्त नाहीये. बरोबर आहे."

"विहीणबाई, जास्त आहे."

"तुमच्या तोंडाला ठेच्याची चव आहे, म्हणून वाटतंय."

प्रिती ऐकत राहिली. तिच्या सासूने ह्या घरच्या जेवणाला नाव ठेवलं होतं. नाव ठेवायला आधी खावं लागतं, ते त्यांनी खाल्लं होतं, आणि आता दोघी जणी अगदी कुठल्याही दोन विहिणी भांडतात तशा भांडत होत्या. प्रितीचा जीव भांड्यात पडला. तिने मयूरला कोपराने ढोसलं, तेव्हा तो म्हणाला, "बघ, मला कळत नाही काही, पण माझ्यामुळेच झालं," आणि तिने त्याला अजून एक ढोसणी दिली.

"शुक्रवारी या तुम्ही," रखमाबाई सांगत होत्या, "मग दाखवते साखर किती घालायची ते."

बकुळाने ट्रे जवळ ओढला, मोठा चौकोन कापला आणि न विचारता विहिणीच्या वाटीत घातला.

"येते," ती म्हणाली. "आधी हे संपवा."

मग तिने स्वतःसाठी वाटी घेतली, रखमाबाईंच्या शेजारची खुर्ची ओढली आणि खायला बसली.